पायरी सोडून

माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, दटावायचे शब्द सरळ असत. "गप बस" म्हटलं की गप बसायचं, त्यात अर्थ शोधण्यासारखं काही नव्हतं. लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की या घरात "गप बस" कोणी म्हणत नाही. इथे म्हणतात, "पायरी सोडून बोलू नये." म्हणणारे एकच, माझे सासरे. ऐकणारे बाकी सगळे.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्या वाडीत अजून कोणाकडे टीव्ही आला नव्हता, त्यामुळे माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकायला भरपूर वेळ होता आणि ऐकून दुखावून घ्यायलाही. सासरे दिवाणी कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्यांच्या बांधाच्या, गडग्याच्या, वहिवाटीच्या भांडणांचे कागद लावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. इतकी वर्षं लोकांच्या हद्दी ऐकल्यावर माणूस घरी येऊन आपल्याही आखणार, त्यात नवल नाही. जेवताना मी "आमटीत मीठ कमी आहे का?" असं विचारलं, ते पायरी सोडून होतं. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र आधी वाचायला घेतलं, तेही. एकदा मांजर ओटीवरच्या आरामखुर्चीत जाऊन बसलं, तेव्हा मामंजी त्यालाही तेच म्हणाले. मांजर उठलं नाही. त्या घरात तेवढा एकच प्राणी असा निघाला.

मी नवी होते आणि नव्या सुनेला शहाणपणा करायची खाज असते. एक दिवस मी त्यांना विचारलं, "मामंजी, हे पायरी सोडून म्हणजे नक्की कुठली पायरी हो?"

मला वाटलं, हाही प्रश्न पायरी सोडूनच ठरणार. पण ते खूश झाले. मला ओटीच्या कडेला घेऊन गेले आणि बोट खाली केलं. खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, ओटीवर यायला जांभ्या चिऱ्यांच्या पाच पायऱ्या होत्या, पावसापाण्याने कडा झिजलेल्या. "ही ती," ते म्हणाले. मग त्यांच्या वडिलांच्या काळातली व्यवस्था त्यांनी मला समजावली. कुळं यायची ती खाली खळ्यात उभी राहायची. कोळीण टोपली घेऊन खळ्याच्या कोपऱ्यात. गवंडी, सुतार पहिल्या पायरीशी. तलाठी यायचा तो तिसरीवर बसायचा, कारण त्याला ओटीवर घेतलं तर डोक्यावर बसेल आणि खळ्यात उभं केलं तर सातबारा बिघडवेल. भटजी, वैद्य आणि व्याही थेट ओटीवर. "प्रत्येकाला आपली पायरी ठाऊक असायची," मामंजी म्हणाले. "सांगावं लागत नसे कोणाला."

"आणि बायका?" मी विचारलं.

"बायका घरातच असत. त्यांचा पायरीशी संबंध येत नसे."

म्हणजे ज्यांना मुळात पायरीच दिलेली नव्हती, त्यांनाच ती सोडू नका म्हणून दिवसातून चार वेळा बजावलं जात होतं. हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायला अजून वर्षभर अवकाश होता.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पायरीचं मूळ शोधतंस? सकाळी माझ्याबरोबर खराटा घेऊन ये, पाची पायऱ्या धू. मूळ आपोआप दिसेल." आमच्या वाचनालयातल्या जाड कोशात पाहिलं, तर त्यात पायावरून पायरी, आणि पुढे दर्जा, योग्यता, मर्यादा असे एकाखाली एक अर्थ दिलेले. थोडक्यात, आधी दगड होता, मग त्यावर माणसं उभी केली आणि मग दगड काढून घेतला तरी माणसं तिथेच उभी राहिली. कोशाने हे असं लिहिलं नव्हतं, तो बिचारा सभ्य होता.

आता रत्नागिरीत आणखी एक पायरी असते हे कोणाला सांगायला नको. तो आंबा. हापूसच्या जरा आधी तयार होतो, रसाळ असतो, आमरसाला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो टिकत नाही, म्हणून पेटीत बसून मुंबईला जायचा मान हापूसला, आणि पायरी घरच्या घरी खायची. तिचं नाव म्हणे कुठल्याशा फिरंग्यावरून आलं. खरंखोटं देव जाणे, पण म्हणजे एक पायरी आपल्या पायाची आणि दुसरी सातासमुद्रापारची. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आमच्या घरात तो आला.

आमच्या आणि पलीकडच्या घरामध्ये एक गडगा होता, चिरे नुसते एकावर एक रचून केलेला. पलीकडे राहायचे मामंजींचे चुलत भाऊ. त्यांना मी काका म्हणत असे, म्हणजे म्हटलं असतं, बोलायची परवानगी असती तर. गडग्याच्या बरोबर मध्ये एक जुनं पायरीचं झाड होतं. गडगा बांधणाऱ्याने झाडाला वळसा घालायचा की झाडाने गडग्याला, हे ठरवायचं टाळून दगड दोन्ही बाजूंनी बुंध्याला टेकवून ठेवले होते. ते झाड कोणाचं, यावर दोन भावांमध्ये दावा चालू होता. मी त्या घरात यायच्या कितीतरी आधीपासून. कोर्टाने निकाल लागेपर्यंत जैसे थे ठेवायला सांगितलेलं, म्हणून दोघांपैकी कोणी आंबे काढायचे नाहीत. आंबे पडत. दोन्ही घरची पोरं ते गोळा करून खात आणि कोयी चोखून गडग्यावर ओळीने मांडून ठेवत. कोर्टाला याची माहिती नसावी.

विकून चार पैसे येतील असं ते झाड नव्हतं. दोन दिवसांत नासणाऱ्या आंब्यासाठी दोन शहाणी माणसं वर्षानुवर्षं वकिलाकडे हेलपाटे घालत होती. मी एकदा हे सासूबाईंना बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "आंबा कोणाला हवाय? पायरी हवीय." बाईंनी ते मुद्दाम दोन अर्थाने म्हटलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मामंजी त्या झाडाला कधीच पायरी म्हणत नसत. कोर्टाची सवय. ते म्हणायचे "दाव्यातलं झाड". त्यामुळे आमच्या घरात पायरी म्हटलं की एकच अर्थ, मर्यादा. पलीकडच्या घरात काकांना उपदेश करायची हौस नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे पायरी म्हटलं की एकच अर्थ, आंबा. मध्ये गडगा.

माझी नणंद माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सत्ताविसावं लागलेलं. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेत चाळीस मुलांना एका नजरेत गप करायची आणि घरी आली की स्वतः गप. तिची चार-पाच स्थळं येऊन गेली होती. कधी पत्रिका जुळली नाही, कधी मामंजींनी मुलाच्या बापाला त्याची पायरी दाखवून दिली. ती याबद्दल कधी बोलत नसे. मला वाटायचं, तिला फारसं लग्न करायचंच नसावं. मग एका संध्याकाळी नारळ खोवता खोवता तिने मला सांगितलं की शिक्षकांच्या शिबिरात देवरुखकडचा एक मास्तर भेटला होता. दोघं रोज दुपारी चहाला एकत्र असत.

"कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे," ती म्हणाली. मग खोवणीवरून नजर न काढता म्हणाली, "वहिनी, मी रोज शाळेतून येताना टपालवाल्याला बघते गो. माझं मलाच हसू येतं."

मला हसू आलं नाही. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. हे स्थळ मोडता कामा नये, असं मी त्या क्षणी ठरवून टाकलं, जणू काही माझ्या ठरवण्याला तिथे कोणी विचारणार होतं.

योगायोग असा, की तो मास्तर पलीकडच्या काकूंच्या माहेरच्या नात्यातला निघाला. काकू आणि सासूबाई यांचं बोलणं बंद नव्हतं. ते गडग्याशी, मागच्या बाजूला, दुपारी मामंजी आणि काका झोपले की चालायचं. दोन बायकांनी मिळून आठ दिवसांत सगळं जुळवत आणलं. मुलाकडचे मे महिन्यात बघायला यायला तयार झाले. अडचण एकच. मुलाच्या बाजूने मध्यस्थ म्हणून काकाच यायला हवे होते. ओळख त्यांची, शब्द त्यांचा. आणि काका आमच्या पायऱ्या चढून कितीतरी वर्षं झाली होती.

बायकांनी काकांना पटवलं. काका शहाणे होते. पोरीच्या लग्नात दाव्याचा विषय निघाला तर वाट लागेल, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी निरोप पाठवला. तो काकूंनी गडग्यावरून मला दिला, कारण सासूबाई तेव्हा देवघरात होत्या. निरोप असा, "दादांना सांग, पायरी सोडून बोलायचं असेल, तर मी येतो."

मी तो शब्दाला शब्द मामंजींना जाऊन सांगितला.

काकांच्या मनात होतं, झाडाचा विषय सोडून बाकी काय ते बोलू. मामंजींनी ऐकलं, की हा माझ्या ओटीवर येऊन मर्यादा सोडून बोलणार आहे आणि वर तशी आधी परवानगी मागतो आहे. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. पण मुलीचं लग्न होतं, त्यांनी गिळलं. जरा वेळ येरझाऱ्या घातल्या आणि मला म्हणाले, "त्याला सांग, ये म्हणावं. पण माझ्या ओटीवर पायरी सोडून एक शब्द चालणार नाही."

मी हेही शब्दाला शब्द पोचवलं. माझ्या डोक्यात झाड नव्हतंच. वर्षभर त्या घरात राहून मलाही पायरी म्हटलं की फक्त बोलणी आठवायची. काकांनी तिकडे ऐकलं ते असं, की दादाला फक्त पायरीबद्दलच बोलायचंय, दुसऱ्या विषयाचा एक शब्दही नको. काकूंनी नंतर सांगितलं, काका तासभर डोकं धरून बसले होते. "पोरीच्या लग्नातपण याला झाडच दिसतं," म्हणाले. पण पोरीसाठी तेही तयार झाले. "बरं," म्हणाले, "आधी पायरीचं मिटवू, मग लग्नाचं बोलू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघे भाऊ एकमेकांचं ऐकायला तयार झाले होते. त्याचं फळ आम्हाला लगेच मिळालं.

रविवार होता. मुलगा, त्याचे वडील, आई आणि पलीकडचे आमचे काका असे चौघे आले. मुलगा बारीक चणीचा, इस्त्रीच्या शर्टातला, नीट भांग पाडलेला. वडील ताठ. त्यांच्या आजोबांकडे कधीकाळी खोती होती आणि ती गेल्याचं त्यांना अजून कोणी कळवलं नसावं अशा चालीने ते पायऱ्या चढले. आमचे हे टेरिकॉटची पँट घालून कोपऱ्यात उभे राहिले आणि शेवटपर्यंत उभेच राहिले. दडपे पोहे झाले, कोकम सरबत झालं. नणंद येऊन नमस्कार करून आत गेली. जाताना मुलाने तिच्याकडे पाहिलं आणि ती किंचित हसली, ते मी माजघराच्या दारातून पाहिलं. मला वाटलं, जिंकलो.

मग काकांनी घसा साफ केला.

"तर आधी पायरीचंच बोलून घेऊ," ते म्हणाले. "दादांची तशी अट आहे."

मुलाचे वडील सरसावून बसले. "पायरीचं?"

"माझी अट पायरी सोडू नये अशी आहे," मामंजी एकेक शब्द तोलत म्हणाले.

"सोडत नाहीच," काका म्हणाले. "मी तरी का सोडू? तीन पिढ्या आमची आहे ती."

मामंजींचा चेहरा लाल झाला. व्याह्यांसमोर धाकटा चुलतभाऊ आपण वरच्या पायरीचे म्हणून सांगतो आहे, असं त्यांना वाटलं. "पायरी आमची वरची आहे," ते म्हणाले. "ते गावाला ठाऊक आहे."

"वरची म्हणजे? फांद्या तुमच्याकडे आल्या म्हणून वरची?" काका म्हणाले. मामंजींनी हे वंशवृक्षाबद्दल घेतलं असावं, कारण ते म्हणाले, "थोरली शाखा आमची."

मुलाच्या वडिलांना आता राहवेना. मुलगी बघायला बोलावून हे लोक घराण्याचा दर्जा काढून बसले, असा त्यांचा समज झाला होता. "हे बघा," ते म्हणाले, "आमच्यासमोर पायरीच्या गोष्टी कशाला? आमचे आजोबा खोत होते."

"तुमचा यात काय संबंध?" काका भाबडेपणाने म्हणाले. "तुमच्याकडे पायरी आहे का?"

मुलाच्या आईने हातातला पेला खाली ठेवला.

"आम्हाला पायरी नाही असं म्हणायचंय तुम्हाला?" मुलाचे वडील म्हणाले.

"असली तर उत्तमच," काका म्हणाले. "रस चांगला निघतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पदर तोंडात कोंबला. सासूबाई माझ्या मागे होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला आणि खाली बसल्या. बाहेर तिघे पुरुष तीन वेगळ्या पायऱ्यांवर पाय रोवून उभे होते आणि कोणालाही दुसऱ्याची दिसत नव्हती. मला हसू आवरेना. मग माझं लक्ष नणंदेकडे गेलं. ती हसत नव्हती. तिचं आयुष्य बाहेर ओटीवर पसरलेलं होतं आणि ही माणसं त्यावर उभी राहून भांडत होती, हे मला तेव्हा कळलं आणि हसू तिथेच संपलं.

तिने रिकामा ट्रे उचलला, का कोण जाणे. बहुतेक हातात काहीतरी असावं म्हणून. ती ओटीवर गेली.

"काका आंब्याबद्दल बोलतायत," ती म्हणाली. शाळेत फळ्याजवळ उभी राहून बोलते तशी, सावकाश. "बाबा मानाबद्दल बोलतायत. आणि लग्न माझं आहे." मग मुलाच्या वडिलांकडे वळून म्हणाली, "मला हे स्थळ पसंत आहे. त्यांना मी पसंत आहे का, तेवढंच आज विचारायचंय. पायरी दोघांना उद्या वाटून घेऊ दे."

काकांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी त्यांच्याकडे. इतक्या वर्षांत दोघांची नजर प्रथमच एकमेकांना भिडली असेल. काकांचं पोट हलायला लागलं. ते हसू दाबत होते. मामंजी हसले नाहीत, पण मिशीची एक बाजू वर गेली, आणि ती बाजू मी त्याआधी कधी वर गेलेली पाहिली नव्हती. त्या क्षणी सगळं सुटलं होतं. नुसतं कोणीतरी "वा" म्हणायचं राहिलं होतं.

"मुलगी फार बोलते," मुलाची आई म्हणाली.

"नुसती बोलत नाही," मुलाचे वडील म्हणाले. "पायरी सोडून बोलते."

हे वाक्य आमच्या ओटीवर आमच्याखेरीज दुसऱ्या कोणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्याच्या तोंडून ते फार वाईट लागलं. मामंजींनाही लागलं असावं. ते आरामखुर्चीतून उठले. "सोडली असेल तर माझी सोडली," ते म्हणाले. "तुमची नव्हे. मी बघून घेईन माझं."

कोर्टात इतकी वर्षं काढून या माणसाला एकदा तरी स्वतःचं वाक्य सापडलं, असं मला वाटलं. मला त्यांचा अभिमान वाटला, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं ते ठाऊक होतं.

पण नणंद त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मुलाकडे बघत होती. सगळेच आता त्याच्याकडे बघत होते. शिबिरात रोज दुपारी चहाला जो इतकं बोलला होता, तो सरबताचा पेला हातात फिरवत होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. एकदा वडिलांकडे पाहिलं. मग परत पेल्याकडे. तो एक शब्द जरी बोलला असता, "आई" एवढं जरी म्हटलं असतं, तरी चाललं असतं. नणंदेने वाट पाहिली. मग ट्रे पुढे केला आणि त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

मंडळी उठली. गेली.

त्यानंतर मामंजी आणि काका दोघेच ओटीवर बसून राहिले. मला वाटलं, आता भांडतील. बराच वेळ आवाज नाही, म्हणून मी डोकावले, तर दोघे मिळून देवरुखच्या त्या खोताच्या नातवाला शिव्या घालत होते. हलक्या आवाजात, एकमेकांना दुजोरा देत, अगदी सख्ख्या भावांसारखे. त्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले. दावा मात्र चालूच राहिला. तारखेला दोघे एकाच रिक्षाने कोर्टात जात आणि एकमेकांविरुद्ध उभे राहून एकाच रिक्षाने परत येत. झाडाला काही फरक पडला नाही.

नणंदेने त्या रविवारी पोह्यांची भांडी घासली, सोमवारी शाळेच्या सुट्टीतली कामं काढली, कपाट आवरलं. मी काही विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं, कारण ते दोन निरोप मीच पोचवले होते, कितीही शब्दाला शब्द असले तरी.

आठ-दहा दिवसांनी दुपारी खळ्यात एक माणूस उभा दिसला. तोच मुलगा. एकटा. एस.टी.च्या धुळीने शर्ट मळलेला, घामाघूम. मामंजी ओटीवर होते. त्यांनी त्याला वर बोलावलं, बसायला सांगितलं, आणि स्वतः उठून आत आले. "तुला भेटायला आलाय," लेकीला म्हणाले. तेवढंच म्हणाले.

ती बाहेर गेली. मी दाराआड उभी होते. लपायचा आवसुद्धा आणला नाही. तो बोलला. खरंच छान बोलला. त्या दिवशी आपण भेकडासारखे वागलो, म्हणाला. रात्रभर झोप लागली नाही म्हणाला. तिच्यासारखं सरळ बोलणारी मुलगी आपल्या घरात आली तर घराचं भलं होईल म्हणाला. वडील तापट आहेत पण हळूहळू वळतील, आईला तर ती नक्की आवडेल, थोडं थांबावं लागेल इतकंच. एकेक वाक्य पुस्तकातल्यासारखं बांधेसूद. माझे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, आता हो म्हण बाई.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इकडे येतोय म्हणून घरी सांगून आलात?"

"नाही," तो म्हणाला. "राजापूरला जातो म्हणून सांगितलंय. मित्राकडे."

"मग राजापूरला जा," ती म्हणाली. "आत्ता निघालात तर गाडी मिळेल."

तो उठला. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण त्याने चप्पल घातली, मान हलवली आणि खळं ओलांडून रस्त्याला लागला. ती वळणापर्यंत त्याला बघत उभी होती. तो दिसेनासा झाला तरी उभी होती. मग आत आली आणि माझ्याशेजारी येऊन भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "मला वाटलं होतं गो, तो 'नाही जात' म्हणेल."